साखळी सुटते कुठे

कबड्डीत चढाई रोखणे म्हणजे चढाईपटूला पकडणे, असा समज पाहणाऱ्यांत जितका पक्का आहे तितकाच तो खेळणाऱ्यांतही आहे, आणि बचाव ढासळण्याचे मूळ बहुतेक वेळा या समजातच असते. एका खेळाडूने ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम न तोडता प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचे, जमेल तितक्यांना स्पर्श करायचा आणि मध्यरेषेपलीकडे सुखरूप परतायचे, ही चढाई; तिला वेळ मिळतो ३० सेकंदांचा. हे ३० सेकंद सात जणांनी आपापली जागा राखून काढले आणि चढाईपटू रिकाम्या हातांनी परतला, तर गुणफलकावर काही चढत नाही, टाळीही पडत नाही. पण चढाई रोखली गेलेली असते. उलट तिघांनी एकदम झडप घातली आणि त्यांच्याखाली दबलेल्या चढाईपटूच्या बोटाचे टोक मध्यरेषेला लागले, तर ते तिघेही बाद होतात आणि समोरच्याला तीन गुण मिळतात. फसलेल्या पकडीची किंमत इतकी जबर असताना संघ पुन्हापुन्हा ती का मोजतात, हा प्रश्न सोनगीरच्या मैदानावर जसा पडतो तसाच व्यावसायिक लीगच्या झगमगाटातही पडतो, आणि दोन्हीकडची उत्तरे वाटतात त्यापेक्षा एकमेकांच्या पुष्कळ जवळ आहेत.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गालगत आणि एका लहानशा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते खानदेशात ओळखले जाते. तेथील शाळकरी मुलांना आणि गावच्या तरुणांच्या संघाला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाच्या कामावर येथील विवेचन आधारलेले आहे. या कामाला ना मोठे सभागृह असते ना पगारी सहायक. मुरमाचे अंगण, पाण्याचा टँकर किंवा शेजारच्या विहिरीची मोटार, चुन्याची फक्की आणि शिट्टी एवढ्यावर ते चालते. एप्रिल-मेमध्ये खानदेशातला उन्हाळा दिवसा मैदानावर पाय ठेवू देत नाही, म्हणून सराव उजाडताना किंवा दिवेलागणीला होतो, आणि बचावाचे धडे त्या अर्धवट उजेडातच गिरवले जातात.

बचाव समजून घ्यायचा तर आधी अंगणाची मापे डोळ्यांसमोर हवीत. वरिष्ठ पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने ती ओलांडलीही नाही आणि कोणाला स्पर्शही केला नाही, तर तोच बाद ठरतो. तिच्यापुढे आणखी एका मीटरवर बोनस रेषा असते, आणि अंगणात सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय हवेत ठेवून दुसऱ्या पायाने ती ओलांडली, तर कोणालाही न शिवता त्याला एक गुण मिळतो. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते, ते झटापट सुरू झाल्याशिवाय खेळात येत नाही. बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत उरतो तो पावणेदोन मीटरांचा पट्टा, आणि कोपरारक्षकांना, म्हणजे दोन टोकांना उभ्या राहणाऱ्या बचावपटूंना, आपले निम्मे आयुष्य त्या पट्ट्यात काढावे लागते. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू एकमेकांचा हात धरून उभे राहतात, मधले मध्यरक्षकही तसेच जोडले जातात. या जोडणीला साखळी म्हणतात. ती केवळ चढाईपटूला अडवण्यासाठी नसते. शेजाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते तळहातावरून कळावे, हा तिचा खरा उपयोग आहे, आणि नवख्या मुलांना हेच सर्वांत उशिरा उमगते.

सोनगीरच्या प्रशिक्षकाने सुरुवातीच्या काळात केलेली चूक या संदर्भात मोकळेपणाने नोंदवण्यासारखी आहे. अंगाने दणकट असलेली मुले निवडायची, त्यांना घोटा पकड, मांडी पकड आणि कमरेची पकड घोटून शिकवायची, आणि सरावाच्या शेवटी कोणी किती पकडी केल्या ते मोजून शाबासकी द्यायची, अशी त्यांची रीत होती. रीत दिसायला चांगली, परंतु तिचा परिणाम असा झाला की प्रत्येक मुलगा शेजाऱ्याच्या हातापेक्षा चढाईपटूच्या पायाकडे अधिक पाहू लागला, आणि पकड आपल्या नावावर लागावी म्हणून अर्धे पाऊल आधीच पुढे टाकू लागला. सरावात ते खपून जाई, कारण समोर आपलेच सोबती असत. एका स्पर्धेत मात्र समोरचा सडपातळ, शांत चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे जाण्याची नुसती हूल देई आणि कोपरारक्षक झेपावला की त्याने सोडलेल्या जागेतून मध्यरक्षकाच्या पाठीला हात लावून परते. बघता बघता अंगण रिकामे झाले आणि संघावर लोण चढला; लोण म्हणजे सातही खेळाडू बाद होणे, ज्याचे समोरच्या संघाला दोन जादा गुण मिळतात. परतीच्या प्रवासात मुले एकमेकांच्या पकडीतले दोष काढत राहिली. खरे तर एकाचीही पकड कमजोर नव्हती, आणि शिकवणाऱ्याने चुकीची गोष्ट मोजली होती.

त्यानंतर प्रशिक्षकाच्या वहीतला रकाना बदलला. पकड कोणी केली याऐवजी, चढाई सुरू असताना सातांपैकी पहिल्यांदा कोण हलले, ते लिहिले जाऊ लागले. काही महिन्यांच्या नोंदी चाळल्यावर लक्षात आले की फसलेली पकड बहुधा झडप घालताना फसत नाही. ती त्याच्या दोन-तीन सेकंद आधी फसलेली असते, जेव्हा कोणाची तरी टाच जमिनीवरून उचलली जाते आणि साखळीतला हात ताणला जातो. ताणलेला हात चढाईपटूला आधी दिसतो आणि शेजाऱ्याला नंतर जाणवतो, हीच त्यातली मेख आहे. कसलेला चढाईपटू डोळ्यांकडे पाहत नाही, तो टाचांकडे आणि कोपरांकडे पाहतो. त्यात भर म्हणून मैदानाभोवती उभ्या असलेल्या गावकऱ्यांचा ‘धर त्याले, धर त्याले!’ हा गजर सुरू असतो, आणि आपल्या माणसांचा तो आग्रह सतरा वर्षांच्या मुलाला थोपवता येणे फार कठीण असते. त्या गजरात स्थिर उभे राहणे हे अंगमेहनतीपेक्षा मोठे काम आहे, असे त्या प्रशिक्षकाचे मत झाले आणि ते मान्य करावे लागते.

चढाई रोखण्यातली दुसरी अडचण अशी की धोका एकच नसतो, आणि एका धोक्यासाठी केलेली मांडणी दुसऱ्या धोक्याला वाट देते. बोनस नाकारायचा तर कोपरारक्षकाला पुढे सरकावे लागते, आणि तो पुढे आला की चढाईपटूच्या पायाच्या टप्प्यात येतो. तो मागे राहिला तर बोनस फुकट जातो. सतत गुण देणारा बोनस बघवत नाही म्हणून संघ पुढे येतो आणि मग पदस्पर्शाने, म्हणजे पुढे फेकलेल्या पायाच्या स्पर्शाने, खेळाडू गमावतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो, असा नियम व्यावसायिक कबड्डीने रूढ केला. त्या निर्णायक चढाईत घाई चढाईपटूला असायला हवी, तरीही घाई करताना बहुधा बचावपटूच दिसतात. अंगणात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना झालेल्या पकडीला, जिला अव्वल पकड म्हणतात, एक जादा गुण मिळतो; त्या लोभाने तिघे जण जुगार खेळतात आणि लोण ओढवून घेतात.

याच कोड्याचे एक दूरचे पण बोलके रूप अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिसते, जो आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा पूर्णपणे वेगळा आणि रेटारेटीच्या बाबतीत कबड्डीचा नातेवाईक शोभेल असा खेळ आहे. त्यात चेंडू बाळगणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते चेंडू लांब फेकून साधता येते किंवा चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीतून धावत जाऊन. धाव रोखण्यासाठी बचाव करणाऱ्या अकरा जणांपैकी पुढच्या फळीतल्या प्रत्येकाला समोरच्या दोन खेळाडूंमधली एकेक फट नेमून दिलेली असते, आणि आपली फट सांभाळणे हेच त्याचे काम. चेंडूवाला शेजारच्या फटीकडे वळलेला दिसला म्हणून तो तिकडे धावला, तर मोकळी झालेली फट धावणाऱ्याला खुणावते. अलीकडच्या काळात तेथील संघ लांब फेकीला अधिक भितात, म्हणून चपळ आणि हलके बचावपटू निवडतात, त्यांतले काही खोलवर मागे ठेवतात, आणि त्यामुळे समोरासमोरच्या रेट्यासाठी माणसे व वजन दोन्ही कमी पडतात. लाखो डॉलर घेणारे, वर्षभर दुसरे काहीही न करणारे खेळाडू साध्या धावेपुढे हतबल का होतात, याचे उत्तर त्यांच्या दंडांत सापडत नाही. ते नेमून दिलेल्या फटींत आणि त्या सोडण्याच्या मोहात सापडते. सोनगीरच्या मुलांना हा खेळ ठाऊक नाही, परंतु ‘आपली फट’ ही कल्पना कानावर पडल्यावर त्यांना ती समजावून सांगावी लागली नाही.

मराठी मुलखातल्या व्यावसायिक कबड्डीचा दाखला याहून जवळचा आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा आठ संघांपैकी यू मुम्बा आणि पुणेरी पलटण हे दोन महाराष्ट्राचे होते. यू मुम्बा पहिल्या हंगामात उपविजेता, २०१५ मध्ये विजेता आणि तिसऱ्या हंगामात पुन्हा उपविजेता ठरला. त्या काळात अनुपकुमारच्या चढायांचे कौतुक सर्वाधिक झाले, परंतु त्या यशाच्या पायाशी डावा कोपरा सांभाळणारा सुरेंदर नाडा आणि उजवा कोपरा सांभाळणारा मोहित छिल्लर ही जोडी होती. एकाने चढाईपटूला आपल्याकडे ओढायचे आणि दुसऱ्याने त्याचा परतीचा रस्ता बंद करायचा, हे त्यांना बोलून ठरवावे लागत नसे. २०१६ च्या हंगामात ही जोडी बंगळुरू बुल्सकडे गेली आणि यू मुम्बा प्रथमच उपांत्य फेरीच्या बाहेर राहिला. सारे अपयश एका जोडीच्या जाण्याला चिकटवणे न्यायाचे होणार नाही. तरीही हे दोघे पुढच्या वर्षीही एकत्रच, हरियाणा स्टीलर्समध्ये गेले, यावरून संघ चालवणाऱ्यांनाही जोडीची किंमत कळली होती असे दिसते. लिलावात बोली एकेका माणसावर लागते. दोघांच्या मधल्या साखळीवर बोली लावण्याची सोय नाही, आणि व्यावसायिक बचावाची मोठी दुखरी जागा तीच आहे.

उलट बाजूही तितकीच ठळक आहे. २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवालने ३६९ चढाई गुण मिळवले, आणि त्याच हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने एकट्याने ३४ गुण घेऊन पाटणा पायरेट्सला ६९–३० असा विजय मिळवून दिला. त्याची ‘डुबकी’, म्हणजे साखळीच्या हातांखालून कमरेत वाकून निसटण्याची हातोटी, साखळी पुढे झुकली की फळत असे; साखळी मागे, सैल आणि खाली वाकून थांबली तर डुबकीला जागाच उरत नाही. पण आधीच चार-पाच गुण गमावलेल्या संघाला मागे थांबणे जमत नाही. गमावलेले लगेच परत मिळवण्याची ओढ त्याला पुढे ढकलते, आणि चढाईपटूला हवे असते ते हेच.

सोनगीरमध्ये लिलाव नसतो, पण कापूस असतो. दिवाळीच्या आगेमागे स्पर्धांचे दिवस सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच वेचणी येते. डाव्या कोपऱ्याचा मुलगा आठवडाभर शेतात जातो, मध्यरक्षक बहिणीच्या गावी मदतीला जातो, आणि सात जणांचा संघ सरावाला कधी पाचांचा तर कधी चारांचा होतो. घरच्या पिकापुढे कबड्डीचा आग्रह धरणे प्रशिक्षकाला कधीच योग्य वाटले नाही, आणि ते खरेही आहे. वर्षभराची मीठ-मिरची त्या बोंडांवर चालते. परंतु परिणाम लिलावासारखाच होतो. ज्याचा हात धरायची सवय झाली त्याच्या जागी दुसरा येतो, त्याच्या तळहाताचा दाब वेगळा असतो, तो किती वेळ धीर धरील याचा अंदाज नसतो, आणि ऐन चढाईत साखळी एका क्षणाने उशिरा आवळली जाते. एक क्षण हे येथे अलंकारिक बोलणे नव्हे. परत फिरलेल्या चढाईपटूला बोनस रेषेपासून मध्यरेषा गाठायला त्याहून फारसे अधिक लागत नाही.

माती आणि मॅट यांतला फरक हा या कामातला आणखी एक पेच आहे. मुरमाच्या अंगणावर घोट्यासाठी झेप घेणे म्हणजे कोपर आणि गुडघा सोलून घेणे, म्हणून गावची मुले उभ्याने अडवायला शिकतात, छातीने वाट बंद करतात. ही त्यांची ताकद असते. जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांत मात्र रबरी चटयांचे मॅट पसरलेले असते, त्यावर बुटांची पकड घट्ट बसते, चढाईपटू जागच्या जागी वळतो, आणि उभ्याने अडवणारा बचावपटू अर्ध्या पावलाने मागे पडतो. मातीवर निम्मी चढाई घसरण्यात जाते, ती सोय मॅटवर नसते. मुले हरून आली की ‘मॅट आपल्याला मानवत नाही’ असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मॅटवर सुटलेल्या पकडींच्या नोंदी पाहिल्या तरी सुरुवात तीच निघते, उचललेली टाच आणि ताणलेला हात. मॅट त्या चुकीची शिक्षा लवकर देते, एवढेच.

तांबटांच्या कामाशी या मुलांपैकी काहींचे घरचे नाते आहे, आणि प्रशिक्षकाने त्यातून एक गोष्ट उचलली. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके ओळीने, एकाला एक लागून पडतात. एखादा ठोका जोराचा बसला तर तेथे खळगा पडतो आणि तो काढण्यासाठी आजूबाजूचे सारे पुन्हा ठोकावे लागते. शिवाय सतत ठोकल्याने तांबे ताठर होते, मग ते आगीत धरून पुन्हा मऊ करावे लागते, नाहीतर तडा जातो. रोज दोन तास पकडीच पकडी घोटणाऱ्या मुलांचे खांदे असेच ताठरतात, आणि ताठरलेला खांदा चढाईपटूच्या हुलकावणीला लवकर बळी पडतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस पकड पूर्ण वर्ज्य झाली. त्या दिवशी नुसते चालायचे, वळायचे, हात धरून एकमेकांबरोबर सरकायचे.

मागे थांबण्याची ताकद किती दूरवर जाते, हे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेने दाखवले. १९९० पासून या स्पर्धेतले पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताकडे होते. उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे हरवले आणि पुढे सुवर्णही जिंकले. इराणचे खेळाडू कुस्तीच्या परंपरेतून आलेले, पण त्या सामन्यातली त्यांची मोठी करामत कुस्तीची नव्हती. भारताचे नावाजलेले चढाईपटू आत यावेत, त्यांनी आणखी एक पाऊल टाकावे, मग आणखी एक, इतका वेळ त्यांची साखळी थांबत होती, आणि आवळली जात होती तेव्हा एकदम. त्यांचा कर्णधार फजल अत्राचली याच्यासाठी त्याच वर्षी यू मुम्बाने १ कोटी रुपये मोजले होते. बचावपटूवर इतकी रक्कम लागणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढे पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुई याला २.३५ कोटींना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून जेमतेम ५३ गुण होतात, तेव्हा त्या संध्याकाळी किती चढाया रिकाम्या परतल्या असतील याचा अंदाज करता येतो.

सोनगीरच्या मैदानावर वेचणी संपल्यानंतरचा पहिला सराव याच रिकाम्या चढायांचा असतो. शेतातून परतलेल्या मुलांच्या बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात, हात धरला की ते झोंबतात, आणि तरी हात सोडायचा नाही हा त्या दिवसाचा एकमेव नियम असतो. चढाईपटूला पूर्ण ३० सेकंद अंगणात फिरण्याची मुभा असते. त्याने गुदगुल्या केल्यासारखा पाय पुढे-मागे नाचवावा, हूल द्यावी, पाठ फिरवावी, काहीही करावे, कोणी पकडायचे नाही. प्रशिक्षक बाजूला उभे राहून फक्त टाचा पाहतात. कोणाची उचलली गेली की शिट्टी वाजते, चढाई तेथेच थांबते, सातही जण पुन्हा मूळ जागी जातात आणि सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. पहिल्या दिवशी एकही चढाई ३० पर्यंत पोहोचत नाही. अंधार पडून चुन्याच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत शिट्ट्या वाजत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डावा कोपरारक्षक इतरांच्या आधी येऊन त्या रेषा नव्याने आखत असतो.